प्रतिसाद: खोडदच्या तबकड्यांची जाळी आणि नेम

रेडिओ लहरींची लांबी दुर्बिणीच्या तबकडीवरच्या जाळीच्या भोकांपेक्षा बरीच मोठी, म्हणून जाळीही आरशाचं काम करते, हे वरचं म्हणणं पटलं. भर एवढीच की जीएमआरटीची (पुणे जिल्ह्यात खोडदला असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची) जाळी सगळीकडे सारखी नाही. विज्ञान दिनाला खोडदला ४५ मीटरच्या तबकडीखाली उभं राहिलात तर जाळीतून चक्क आभाळ दिसतं. मध्यभागी भोकं १० मिलिमीटरची, कडेला २० पर्यंत. तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, त्यामुळे वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका ठेवता येतो. फार सुंदर विचार आहे हा!

खरी कसोटी नेमाची, म्हणजे तबकडी आभाळातल्या स्रोताकडे अचूक रोखण्याची. १५० मेगाहर्ट्झ वारंवारतेला तबकडीची नजर आभाळात सुमारे ३ अंश रुंद असते, १४०० ला जेमतेम ०.४ अंश. तिथे थोडाही नेम चुकला की संकेत घटतो. म्हणून ठाऊक असलेल्या तेजस्वी रेडिओ स्रोतावरून तबकडी फिरवून चूक मोजतात.