लँकेस्टर बॉम्बरवाल्यांचा दिवस कसा जायचा?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानातून रात्री जर्मनीवर बॉम्ब टाकायला जाणारी ही पोरं दिवसभर काय करायची? कुणी सविस्तर सांगेल का?

प्रतिसाद १: सकाळी उशिरा उठायचं, विमान तपासायचं, दुपारी ब्रीफिंग, म्हणजे रात्रीच्या मोहिमेची माहिती. विमानात सातजण. ३० मोहिमा झाल्या की काही महिने मोहिमांतून सुटका. परत आलं की अंडी-बेकन, आणि युद्धकाळात अंडं म्हणजे चैनच हो. बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाचे, ५५,५७३ जण मारले गेले, बहुतेक विशीतले.

प्रतिसाद २: मी लंडनला राहते. इथल्या हेंडनच्या हवाई दल संग्रहालयातल्या ‘एस-शुगर’ या लँकेस्टरसमोर तासभर उभी होते. १३७ मोहिमा केलेलं विमान! नाकाजवळ प्रत्येक मोहिमेचा एकेक पिवळा बॉम्ब रंगवलाय, ओळीच्या ओळी. मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले, पुढे मोजवेना. शेपटीकडे गेले तर मागच्या गनरची (मशीनगन चालवणाऱ्याची) जागा केवढीशी! नीट दिसावं म्हणून काहीजण समोरची काच काढून टाकायचे, मग उणे तीस-चाळीसच्या थंडीत एकट्यानं तासन्‌तास बसायचं. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे.

प्रश्नकर्ता: ताई, त्यांना ऊब कशाची?

प्रतिसाद २: विजेवर तापणारा सूट असायचा. तो बिघडला की बोटं गोठायची, दादा.