मैफलीच्या एलपीची अवस्था ठरवायला मदत हवी आहे

मंडळी, ख्यालगायनाच्या प्रत्यक्ष मैफलीची एक जुनी स्टीरिओ एलपी चोरबाजारात विकायला आहे. विक्रेता तिला ‘व्हीजी प्लस’ (थोडीच वापरलेली, जवळपास स्वच्छ वाजणारी) म्हणतो, मला ती जेमतेम ‘व्हीजी’ (त्याखालची प्रत, खरखर ऐकू येणारी) वाटते.

तिरप्या उजेडात केसासारख्या रेघा दिसतात, पण नखाला लागत नाहीत. त्यांची मला चिंता नाही. मैफलीच्या रेकॉर्डमध्ये खरखर टाळ्यांत आणि दादेत लपते, म्हणून मुद्दाम विलंबित आलाप ऐकला, जिथे मागे फक्त तानपुरा असतो. तिथे बारीक चटचट सतत आहे. शिवाय बाजूच्या शेवटी, लेबलाजवळ, द्रुत तानांत तारसप्तकाचा आवाज फाटतो. उजव्या चॅनेलमध्ये जास्त. सुई इलिप्टिकल (लंबवर्तुळाकार टोकाची), खाचेवर तिचा भार २ ग्रॅम. त्याच सेटवर नव्या एलपी शेवटपर्यंत स्वच्छ वाजतात, त्यामुळे अलाइनमेंटचा (सुई खाचेत बसण्याच्या कोनाचा) दोष वाटत नाही.

जाणकारांना विचारायचं ते असं. अँटीस्केटिंग (सुईला आत ओढणारा जोर तोलणारी सोय) नसलेल्या जुन्या, जड आर्मवर (सुई धरणाऱ्या दांड्यावर) वाजवल्याने खाचा झिजल्या असाव्यात, हा अंदाज बरोबर आहे का? असल्यास मायक्रोलाइन (अतिशय बारीक धारेची) सुई खाचेच्या न झिजलेल्या भागाला टेकून फरक पाडेल का? आणि चटचट: पावसाळी दमटपणाने आलेली पांढरी बुरशी ठिकठिकाणी आहे. ८० भाग डिस्टिल्ड वॉटर, २० भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि व्हॅक्यूमने (द्रव शोषून घेणाऱ्या यंत्राने) ती निघेल, की बुरशीने विनाइलच खराब केलं असेल? धुण्याआधी हे ओळखायची खूण कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. रेकॉर्ड दुर्मीळ आहे, पण झिजलेल्या खाचा धुऊन परत येत नाहीत.