मिनिटाला ४२ आर्कसेकंद: लघुग्रह की उपग्रह?

रात्रपाळी:
दुर्बिणीतून ३० सेकंदांच्या चार फ्रेम (छायाचित्रं), पहिल्या ते शेवटच्या फ्रेममध्ये २० मिनिटं. प्रत्येकीत साधारण २१ आर्कसेकंदांची रेघ (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ज्ञात लघुग्रहांत त्या जागी कुणी नाही. पिंड पृथ्वीजवळचा लघुग्रह असण्याची शक्यता ० ते १०० गुणांत सांगणाऱ्या डायजेस्ट२ या प्रोग्रामचा गुण १००. भूस्थिर उपग्रह नक्कीच नाही, तो ताऱ्यांच्या तुलनेत सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतो. मायनर प्लॅनेट सेंटरला (लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारं जागतिक केंद्र) पाठवण्याआधी काय तपासावं?

तिरपी_कक्षा:
१०० गुणांवर जाऊ नका. डायजेस्ट२ पिंड सूर्याभोवतीच फिरतोय असं धरून चालतो, त्यामुळे उपग्रहालाही सहज १०० मिळतात. वेगावरूनही निकाल लागत नाही. ३० लाख किमीवर सेकंदाला १० किमी वेगाने जाणारा लघुग्रह आणि दीड लाख किमीवर अर्धा किमी वेगाने रेंगाळणारा उपग्रह, दोघंही मिनिटाला सुमारे ४० आर्कसेकंदच दाखवतील. लांबट कक्षेतले उपग्रह बहुतेक वेळ अपभूजवळ (कक्षेच्या पृथ्वीपासून सर्वात दूरच्या टोकाजवळ) हळू सरकत काढतात, म्हणून फसवतात ते हेच.

आधी बिल ग्रे यांचा सॅट_आयडी हा उपग्रह ओळखणारा प्रोग्राम ताज्या टीएलईंवर (उपग्रहांच्या कक्षांच्या दोन ओळींच्या नोंदी) चालवा. आर्कसेकंदात जुळणी शोधू नका: इतक्या उंचीवर चंद्र-सूर्याची ओढ लागते आणि शिळा टीएलई अंशभरही चुकू शकतो. वेग आणि दिशा जुळतात का ते बघा. जागा अर्धा अंश चुकली पण वेग दोन-तीन टक्क्यांत आणि दिशा एक-दोन अंशांत बसली, तर तो उपग्रहच समजा. मग टेस, जेम्स वेब अशी दूरची यानं नासाच्या जेपीएल होरायझन्स या ऑनलाइन सेवेवर तपासा. आणि कुठेच जुळलं नाही म्हणजे नैसर्गिक, असंही नाही. गुप्त उपग्रहांचे टीएलई अधिकृत यादीत नसतात, जुने रॉकेटचे टप्पे तर कित्येकदा कुणाच्याच हिशेबात नसतात.

शेषफल:
यादीत नसेल तर अंतर काढा, आणि ते एकाच वेधशाळेतून निघतं. पृथ्वीच्या फिरण्याने तुमची जागा वर्तुळात सरकते, म्हणून जवळच्या पिंडाचा मार्ग वाकतो. विषुववृत्तावरून दोन तास पाहिलं तर सरळ रेषेपासूनचा हा बाक दीड लाख किमीवर जास्तीत जास्त ३०० आर्कसेकंद, ३० लाख किमीवर फक्त १५. पिंड याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असताना बाक जवळजवळ दिसतच नाही, कारण तेव्हा तुमचं त्वरण दृष्टिरेषेतच असतं. पूर्वेला किंवा पश्चिमेला बराच कललेला असताना मोजा. तुमच्या २० मिनिटांत तो दीड लाख किमीवरही फार तर ८ आर्कसेकंद, म्हणजे आणखी फ्रेम घ्याच.

फाइंड_ऑर्ब या कक्षा काढणाऱ्या प्रोग्राममध्ये सूर्यकेंद्री आणि भूकेंद्री, दोन्ही कक्षा बसवा. सूर्यकेंद्रीत शेषफलं (मोजलेल्या आणि कक्षेवरून काढलेल्या जागांतले फरक) एकाच बाजूला झुकली आणि भूकेंद्रीत अर्ध्या आर्कसेकंदात आली, तर प्रश्न मिटला.

रात्रपाळी:
रेघेची टोकं मोजू की मध्य?

शेषफल:
मध्य, आणि वेळही एक्सपोजरच्या मध्याची. टोक फ्रेमबाहेर गेलं असेल तर ती फ्रेम सोडा. तुमच्या वेगाला घड्याळ एक सेकंद चुकलं तर ०.७ आर्कसेकंदच फरक पडतो, भूस्थिरला मात्र १५.

तिरपी_कक्षा:
भूकेंद्री कक्षा बसली तरी एक पेच उरतो. २००६ आरएच१२० हा छोटा पिंड काही काळ पृथ्वीभोवती फिरला आणि तो नैसर्गिकच ठरला. उलट २०२० एसओ आला सूर्यकेंद्री कक्षेतून, आणि निघाला १९६६ च्या सर्व्हेयर २ या चांद्रयानाच्या रॉकेटचा सेंटॉर टप्पा. तिथे निवाडा सूर्यप्रकाशाच्या दाबाने होतो. पोकळ टप्प्याचं क्षेत्रफळ-वस्तुमान गुणोत्तर ०.०१ चौ. मी. प्रति किलोच्या आसपास, दोन मीटरच्या दगडाचं ०.०००३. गुणोत्तर ०.०१ असेल तर महिन्याभरात दाबाने सुमारे १५० किमी सरक होते, दहा लाख किमीवरून ती ३० आर्कसेकंद दिसते. त्यातली काही कक्षेच्या इतर घटकांत मुरते, म्हणून काही आठवड्यांचे वेध नसतील तर फाइंड_ऑर्बने काढलेल्या गुणोत्तरावर विश्वास ठेवू नका.

रेघ तुटक दिसली तर कोलांट्या घेणारा उपग्रह असू शकतो, पण नुसता तो पुरावा पुरत नाही. छोटे लघुग्रहही झपाट्याने फिरतात.

शेषफल:
शंका राहिली तरी पाठवा, फक्त सोबत तसं लिहा. लघुग्रह समजून २००७ मध्ये रोझेटा यानाला २००७ व्हीएन८४ आणि २०२५ मध्ये अवकाशात सोडलेल्या टेस्ला रोडस्टर मोटारीला २०१८ सीएन४१ हे नाव मिळालं होतं, दोन्ही मागे घ्यावी लागली.