मदत हवी आहे: खालच्या उपदाढा-दाढांवरचे ब्रॅकेट ओलीमुळे सुटतात. प्राइमर बदलू की पद्धत?

धागाकर्ता:
दवाखाना कोकणात, दिवस पावसाळ्याचे. दात सरळ करण्यासाठी तार धरायला दातांवर चिकटवतो ते खालच्या दुसऱ्या उपदाढांचे ब्रॅकेट आणि दुसऱ्या दाढांच्या ट्यूब (तार ओवायच्या नळ्या) दोन-तीन आठवड्यांत सुटतात. पुढचे दात आणि वरचा जबडा शाबूत.

सध्याची पद्धत अशी: प्युमिसने साफसफाई, एचिंगसाठी (इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, खरखरीत करायला) ३७% फॉस्फोरिक आम्लाचं जेल ३० सेकंद, १५ सेकंद धुणं, हवेने वाळवणं, नेहमीचा बिस-जीएमए (एक रेझिन) प्राइमर, म्हणजे पेस्टआधीचा पातळ थर, मग लाइट-क्युअर (प्रकाशाने घट्ट होणारी) पेस्ट, एलईडी २० सेकंद. गालाचा रिट्रॅक्टर, कापसाचे रोल, एक सक्शन. पेस्ट फ्रिजमध्ये ठेवतो.

ओलीत चालणारा प्राइमर घ्यावा, सेल्फ-एच (आम्ल आतच असलेला प्राइमर) घ्यावा की सरळ ग्लास आयोनोमरवर (वेगळ्या जातीच्या दंत-सिमेंटवर) जावं?

प्रतिसाद १:
डॉक्टर, खरेदीच्या आधी सुटलेल्या ब्रॅकेटचा बेस (दाताला चिकटणारी जाळीदार बाजू) भिंगाखाली बघा. सगळी पेस्ट बेसला चिकटून आली असेल आणि दात स्वच्छ असेल, तर घोळ इनॅमलच्या बाजूला आहे: ओल, लाळ किंवा अपुरं एचिंग. पेस्ट दातावर राहून तिच्यावर जाळीचा ठसा उमटला असेल, तर दोष बेसच्या बाजूला. बेसला हातमोज्याचा स्पर्श झाला, ब्रॅकेट बसवल्यावर हलला किंवा प्रकाश नीट पोचला नाही. दुसऱ्या प्रकारात प्राइमर बदलून काडीचा फरक पडणार नाही.

मग थ्री-वे सिरिंज (हवा, पाणी किंवा दोन्ही सोडणारी). फक्त हवेचं बटण दाबून कोरड्या, स्वच्छ आरशावर १० सेकंद वारा सोडा. बारीक थेंब किंवा तेलकट धूसरपणा दिसला, तर तुम्ही दात वाळवत नाही आहात, पुन्हा ओला करता आहात.

आणि आर्टिक्युलेटिंग पेपर (चावल्यावर दातांवर खूण उमटवणारा कागद) चावायला देऊन बघा. डीप बाइटमध्ये (वरचे दात खालच्यांवर जास्त खोल येतात तेव्हा) वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या ब्रॅकेटवर आपटत असेल, तर कोणताच प्राइमर तो ब्रॅकेट वाचवणार नाही.

धागाकर्ता:
तपासलं. पेस्ट पूर्ण बेसवर, दात स्वच्छ. आरशावर बारीक थेंब येतात. चाव्याचा अडथळा नाही.

प्रतिसाद २:
म्हणजे अर्धं उत्तर मिळालं. सिरिंजची हवा कॉम्प्रेसरमधून येते; दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी त्याच्या टाकीत साठतं आणि पावसाळ्यात ते कितीतरी जास्त साठतं. टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक रोज संध्याकाळी उघडा, लाइनवरच्या वॉटर सेपरेटरची वाटी रिकामी करा, तेलावर चालणारा कॉम्प्रेसर असेल तर फिल्टर बदला. मग आरसा पुन्हा धरा. आरसा कोरडा राहीपर्यंत बाँडिंग पुढे ढकलणं परवडतं.

पेस्ट फ्रिजमधून काढल्याबरोबर उघडू नका. थंड सिरिंजवर दमट हवेतलं पाणी तसंच धरतं, जसं थंड बाटलीवर धरतं. बंद सिरिंज खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच टोपण काढा.

आता तोंडातली ओल. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात पॅरोटिड ग्रंथीची नळी उघडते, तिथे शोषक त्रिकोणी पट्टी लावा. जीभ बाजूला धरणारं, सक्शन जोडलेलं गार्ड वापरा. एकट्या सक्शनच्या नळीने जिभेखालचा साठा आवरत नाही. एका वेळी तोंडाची एकच चौथाई (एका जबड्याची एक बाजू) घ्या. कापूस भिजल्यावर बदलायचा नाही, भिजण्याआधी बदलायचा. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला नाकाने घ्यायला सांगा, कारण वाळवलेल्या दातावर उच्छ्वासाची वाफही बसते.

वाळवल्यावर हिरडीकडची कड नीट बघा. दात खडूसारखा पांढरा आणि हिरडीलगत मिलिमीटरभर चकचकीत पट्टी, हे चित्र खालच्या उपदाढांवर हमखास दिसतं. तिथे जेल पोचलेलं नसतं किंवा हिरडीच्या खाचेतला द्राव परत आलेला असतो. त्या पट्टीवर ब्रॅकेटची कड बसली की सुटायला तिथूनच सुरुवात होते. हिरडी सुजलेली असेल तर आधी स्केलिंग करा, घासायला शिकवा आणि आठवडाभर थांबा. रक्त थांबवायचं औषध लावायचं झालं तर एचिंगच्या आधी, आणि ते पूर्ण धुऊन काढा.

एच केलेल्या दाताला लाळ लागली तर नुसतं पुसून किंवा वाळवून चालत नाही. लाळेतली प्रथिनं काही सेकंदांत सूक्ष्म छिद्रांवर थर धरतात आणि रेझिनला आत शिरायला जागा उरत नाही. पाण्याने धुवा, १० ते १५ सेकंद पुन्हा जेल, पुन्हा धुणं. फक्त स्वच्छ पाणी लागलं असेल तर वाळवलं की पुरे. लाळ आणि पाणी एकाच मापाने मोजू नका, बहुतेक चुका इथेच होतात.

प्रतिसाद ३:
कोरडेपणाबद्दल वरच्यांशी पूर्ण सहमत, पण साहित्य बदललं की नियमही बदलतो.

तुमचा बिस-जीएमए प्राइमर पाण्याला दूर ढकलतो, त्यामुळे त्याला ठणठणीत कोरडा दात लागतो. ओलीत चालणाऱ्या ट्रान्सबाँड एमआयपीसारख्या प्राइमरमध्ये हेमा (पाण्यात मिसळणारं रेझिन) आणि अल्कोहोल असतं, म्हणून तो किंचित ओल्या इनॅमलवरही पसरतो. मात्र फॉस्फोरिक आम्लाचं एचिंग त्यालाही लागतं. भरपूर लावा, दोन ते पाच सेकंद हलका वारा द्या, वर लाइट-क्युअर पेस्टच वापरा. तो ओल सोसतो, लाळेचं तळं सोसत नाही.

सेल्फ-एचमध्ये आम्ल आणि प्राइमर एकत्र असल्याने धुण्याची पायरीच जाते आणि एच केलेला दात उघडा राहण्याचा धोका टळतो. पण नुसता फासून चालत नाही, प्रत्येक दातावर तीन ते पाच सेकंद दाबून घासावा लागतो. प्युमिसही टाळता येत नाही. ते बिनतेलाचं, बिनफ्लोराइडचं हवं.

फुजी ऑर्थो एलसीसारख्या रेझिन-मिश्रित ग्लास आयोनोमरला तर पाणी हवंच, आम्ल-अल्कली क्रिया पाण्यावाचून होत नाही. १०% पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल २० सेकंद, धुणं, मग कापसाने फक्त साठलेलं पाणी टिपा. दात ओलसर चमकला पाहिजे. खडूसारखा वाळवलात तर पकड उलट कमी होते. प्रकाश चारही कडांनी १०-१० सेकंद. पकड कंपोझिटपेक्षा (तुमच्या सध्याच्या रेझिन पेस्टपेक्षा) कमी असते, म्हणून सुरुवातीला बारीक निकेल-टायटॅनियम तारच घाला. फ्लोराइड सुटत राहतं, हा जास्तीचा फायदा.

तुमच्या जागी असतो तर हवेची लाइन दुरुस्त करून पुढचे दात सध्याच्याच पद्धतीने केले असते आणि खालच्या दुसऱ्या उपदाढांपुरता एमआयपी आणला असता. सगळा जबडा बदलायचं कारण दिसत नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार. शेवटचं: दुसऱ्या दाढेवर मागून हिरडीची झडप आलेली असते, ट्यूबची कड तिच्याखाली जाते. तिथे एमआयपी चालेल?

प्रतिसाद २:
नाही. तिथे द्राव सतत पाझरतो, प्राइमर काय करणार? दाढ अजून वर येत असेल तर थांबा. थांबता येत नसेल तर सेपरेटर (दातांमध्ये फट करणारी कडी) घालून ग्लास आयोनोमरवर बँड (दाढेभोवतीचं धातूचं कडं) बसवा, किंवा झडप काढून हिरडीची जखम भरल्यावर ट्यूब लावा.