पेटीवालीने डिजिटल पियानोवर डाव्या हाताचं काय करायचं?

सुदामानगरची

नमस्कार मंडळी. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा डिजिटल पियानो इंदूरला आमच्या बैठकीत राहिला. ८८ पट्ट्या, चांगल्या वजनदार. त्यावर इस्त्रीचे कपडे साचायला लागले तेव्हा मीच तो ताब्यात घेतला.

मी जन्माची पेटीवाली, भजनी मंडळात काळी चारमध्ये (दोन काळ्यांच्या जोडीपासून मोजलेली चौथी काळी पट्टी हा सा) साथ करते. पेटीवाल्याचा डावा हात कायम भात्यावर. इथे भाताच नाही, त्यामुळे तो हात मांडीवर पडून राहतो, नाहीतर सवयीने हवेत हलतो. आमच्या ह्यांना हसू आवरत नाही.

दुसरं म्हणजे पेटीवर भाता चालतोय तोवर स्वर उभा राहतो. इथे गंधार लागल्या क्षणापासून विरायला लागतो. भूप रागाचा आलाप करावा तर रिषभावर येईपर्यंत मागे काही उरतच नाही. पेडल दाबून ठेवलं की सगळ्या स्वरांचा गोपाळकाला.

व्हिडिओतले मास्तर सरसकट कॉर्ड (तीन-चार स्वर एकदम दाबणं) शिकवतात. मला गाणी बसवायची नाहीत. रात्री जेवणं आवरली की मनात येईल ते वाजवायचंय, पण रागात राहून. डाव्या हाताला काय काम द्यावं?

काळी_पाच

काकू, कॉर्ड राहू द्या. आधी फक्त काळ्या पट्ट्या घ्या. काळी तीनला सा मानून काळ्याच वाजवत गेलात की भूप. पट्ट्या त्याच ठेवून सा काळी चारवर नेला की मधमाद सारंग, काळी पाचवर मालकंस, काळी एकवर दुर्गा, काळी दोनवर धानी. वर्ज्य (रागात न चालणारा) स्वर लागायला जागाच नाही, त्यामुळे डोळे मिटून फिरता येतं. रागाचं चलन, म्हणजे स्वरांची चाल, तर तुमच्या कानात आहेच, ते मी काय सांगणार.

तुमचा सा काळी चार ना? मग भूपासाठी ट्रान्सपोज अधिक दोन करा. दाबाल काळी तीन, ऐकू येईल काळी चार.

डाव्या हाताची करंगळी खालच्या सा वर, अंगठा प वर. ओळ सुरू करताना एकदा वाजवा, विरत आलं की पुन्हा. मालकंसात मात्र सा-म घ्या. काळ्यांवरच राहिलात तर तिथे प सापडणारही नाही, तो पांढरीवर आहे.

आणि पेडल स्वराच्या किंचित मागून दाबायचं. नवा स्वर वाजताना पाय उचला, लगेच परत दाबा. पहिल्यांदा पाय नि हात भांडतात, मग जमतं.

तंबोरा

डाव्या हाताचा तंबोरा कशाला करायचा? तंबोरा मोबाईलवर लावा. ब्लूटूथने आवाज घेण्याची सोय असेल तर पियानोच्याच स्पीकरमधून येईल. हेडफोन मात्र वायरचे घ्या. ब्लूटूथच्या हेडफोनात पट्टी आधी आणि आवाज मागून, लयच हातातून जाते.

तंबोरा लावलात की एक गोष्ट खटकेल. पियानोचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा जवळपास १४ सेंट चढा असतो (लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट). श्रुती (स्वरांमधले बारीक भेद) लागत नाहीत, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही, हे आक्षेप पेटीनेही ऐकलेत. आकाशवाणीवर ती १९४० ते १९७१ बंदच होती. त्यामुळे आलापात गंधारावर फार थांबू नका. काही पियानोंच्या सेटिंगमध्ये टेम्परामेंट (स्वरांमधली अंतरं) बदलता येतं, तेही बघा.

राजवाड्यामागचा

इंदूरच्या असून मेरुखंड (त्याच स्वरांचे क्रम बदलून वाजवणं) विसरलात, ताई? उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) याच गावात वाढले. वडील शहामीर खाँ सारंगिये. त्यांनी मुलाकडून हेच घोटून घेतलं. तीन स्वर घ्या, त्यांचे सहा क्रम होतात: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. डावा हात सा वर ठेवून उजव्याने हे सहा सावकाश फिरवा. मग रे ग प, मग ग प ध. चार स्वरांचे २४ होतात. सातांचे ५०४०, ते खाँसाहेबांना लखलाभ.

सगळेच क्रम भूपात शोभत नाहीत. कुठला ठेवायचा नि कुठला टाकायचा हे ठरवताना आपसूक काहीतरी सुचतं. मी तरी कॉर्डच्या वाटेला गेलो नाही. भूपाखाली ते तीन-तीन स्वर दडपले की मला शाळेचं गॅदरिंग आठवतं.

सुदामानगरची

सगळ्यांना धन्यवाद. काळ्यांवरचा मालकंस लगेच जमला. डावा हात सा-म वर बसवला तर बापडा भाता विसरला. मेरुखंडात चौथ्या क्रमाला अडखळते. पण मींडेचं काय? मालकंस मींडेशिवाय कोरडा वाटतो.

तंबोरा

मींड नाहीच, कणावर (मुख्य स्वराआधी शेजारचा स्वर निसटता लावणं) भागवायचं. सा पांढरी एकवर घेऊन कोमल गंधाराचे राग वाजवा, बागेश्री वगैरे. गंधार काळी दोनवर येतो. त्या काळीवरून तेच बोट खालच्या रिषभावर घसरवा, उचलू नका. दोन वेगळ्या पट्ट्या आहेत हे कानाला कमी जाणवतं. उलटं, पांढरीवरून काळीवर, असं घसरत नाही.

सुदामानगरची

करून बघते. आणखी एक, हे पेडल फरशीवर पुढे पुढे सरकतं. वाजवता वाजवता पाय पार सोफ्याखाली जातो.

काळी_पाच

खाली रबरी पायपुसणं घाला आणि पेडलची मागची बाजू भिंतीला टेकवा.