सर्व्हर चालू केला की काही सेकंदात बंद पडतो, २० तारीख डोक्यावर आहे

प्रभादेवीचा_अकाउंटंट:
मंडळी जरा अर्जंट आहे. दादरला आमची छोटी सीए फर्म, सात माणसं, एकच टॉवर सर्व्हर. असेंबल्ड आहे, ६ वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून बनवून घेतलेला, झिऑन प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, दोन डिस्क मिररमध्ये (एकीवरचं सगळं दुसरीवरही), टॅलीचा सगळा डेटा त्याच्यावरच. शनिवारी पाऊस बघून सगळे लवकर पळालो, सर्व्हर आणि एसी दोन्ही बंद करून. सोमवारी येऊन बटण दाबलं तर पंखे भर्रकन फिरले, लाईट लागली, कधी बोर्डचा लोगो दिसतो कधी तोही नाही, आणि मग सगळं गप्प. आठ-दहा वेळा केलं तेच. यूपीएस काढून डायरेक्ट भिंतीच्या प्लगात लावून बघितलं, रॅम काढून खोडरबराने घासून परत बसवली, ढिम्म फरक नाही. आमचा हार्डवेअरवाला फोनवरच सांगतोय मदरबोर्ड गेला, नवीन घ्या, न बघता. जीएसटीचं थ्री-बी रिटर्न २० तारखेला आहे आणि साहेब दर दहा मिनिटांनी केबिनमधून डोकावतात, झालं का?

ठाणे_स्लो_लोकल:
आधी ते चालू-बंद चालू-बंद थांबव भावा. डिस्कच्या केबल काढून ठेव, काढायच्या आधी मार्करने कुठली कुठे ते लिही, नंतर रडशील. बॅकअप कधीचा आहे? मला विचारशील तर प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणाऱ्या हीटसिंकमधली थर्मल पेस्ट सुकली असेल, ६ वर्षं म्हणजे तिचा पापड झाला असणार.

चेंबूर_पोर्ट_८०:
बॅटरी बदल, ती नाण्यासारखी २०३२. माझ्या घरच्या पीसीला असंच झालेलं.

रॅकमागचा_मामा:
बॅटरी गेली तर तारीख उडते, बायॉसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डच्या प्रोग्रामची, सेटिंग उडतात, त्यासाठी मशीन असं धाडकन मरत नाही शक्यतो. बदल हवी तर, स्वस्त आहे, पण उत्तर ते नाही. सगळे औषधं सांगतायत आणि नाडी कोणी बघितली नाही. मोबाईलवर स्टॉपवॉच लाव आणि बटण दाबल्यापासून मशीन बंद पडेपर्यंत किती सेकंद जातात ते चार-पाच वेळा मोज, डिस्क काढलेल्याच ठेव. पंखा एक गचका मारून लगेच थांबला तर कुठेतरी शॉर्ट किंवा पॉवर सप्लाय. वेळ दर वेळी वेगळी, म्हणजे तासभर थंड ठेवल्यावर जास्त चालतो आणि लागोपाठ केलं की लवकर पडतो, तर ठाण्यावाले बरोबर, हीटसिंक बघ. विंडोज लोड होताना पडतो तर गोष्ट वेगळी. आकडे टाक मग बोलू.

प्रभादेवीचा_अकाउंटंट:
बॅकअप गुरुवार रात्रीचा आहे, पोर्टेबल डिस्कवर. वेळ मोजली: ४.३, ४.१, ४.४, ४.२, ४.३. अर्धा तास थांबून परत केलं, ४.२. हे इतकं सारखं कसं काय?

रॅकमागचा_मामा:
मग मदरबोर्डला शिव्या देऊ नकोस, तो बिचारा सांगितलेलं काम करतोय. पॉवरचं बटण ४ सेकंद दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं, हे तुला माहितीये, हँग झाल्यावर आपण तेच करतो. तुझं बटण दाबल्यावर आत चिकटतंय, बोर्डला वाटतं कोणीतरी दाबूनच ठेवलंय. परत दाबायला गेलास की जरा हलतं, सुटतं आणि पुन्हा अडकतं.
खात्री करायची तर मेन केबल काढ, दोन मिनिटं थांब, कॅबिनेट उघड. पुढच्या पॅनलकडून बारीक वायरी येतात त्यातली पॉवर स्विचवाली जोडी बोर्डवरून उपट. मेन केबल परत लाव आणि त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव, बास, टेकवून ठेवायचं नाही आणि बाजूच्या पिनांना हात नको, बोर्डच्या पुस्तकात पिनांचं चित्र असतं ते बघून कर. चालू राहिला तर चोर सापडला.

वरळी_सीफेस_नेटवर्कवाला:
मामांना दुजोरा. आमच्या इथे समुद्राची हवा थेट खिडकीतून, पावसाळ्यात काँटॅक्टवर हिरवट थर चढतो. दोन दिवस एसी बंद आणि ओलावा, बटणं पहिली जातात.

प्रभादेवीचा_अकाउंटंट:
चालला!!! वायर काढली, स्क्रूड्रायव्हर टेकवला (हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू), पाच मिनिटं बायॉसमध्ये तसाच उभा. मग डिस्क लावल्या, विंडोज आलं, मिरर ठीक, टॅली उघडली. बटण काढून बघितलं तर आत चिकट काळा थर, आमचे काका रोज संध्याकाळी जाताना ओल्या फडक्याने सगळं पुसतात, सर्व्हरचं तोंडही, प्रेमाने. त्यांना काही बोललो नाही, कोरडं फडकं दिलं. आणि चेंबूरवाल्यांना हे आवडेल, बायॉसची तारीख खरंच कुठल्या कुठे गेली होती, बॅटरी उद्या बदलतो.
पण नवीन बटण येईपर्यंत रोज स्क्रूड्रायव्हर?

रॅकमागचा_मामा:
छे. रिसेटच्या बटणाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लाव, दोन्ही बटणं एकाच जातीची. रिसेट तसंही कोण दाबतं. आणि आजच्या आज ताजा बॅकअप घे, गुरुवारच्यावर बसून राहू नकोस.

प्रभादेवीचा_अकाउंटंट:
लावली, बॅकअपही झाला. रिसेटच्या बाजूला चिकटपट्टी लावलीये, 'चालू करायचं बटण हे'. तरी आज सकाळी साहेब माझ्याआधी आले, जुनं बटण दहा मिनिटं दाबत बसले आणि मला लोकलमध्ये फोन, परत गेला वाटतं.