गाडीचं प्रीपेड मेंटेनन्स पॅकेज : पैसे वसूल होतात का नुसतं शोरूमचं टार्गेट?

पाथर्डी_फाटा
मेव्हण्याच्या नवीन गाडीचं कोटेशन काल बघितलं, आरटीओ, इन्शुरन्स, एक्स्टेंडेड वॉरंटी, मॅट-बिट आणि त्याच्या खाली हळूच एक ओळ, प्रीपेड मेंटेनन्स, म्हणजे पुढच्या सर्व्हिसांचे पैसे आधीच भरायचे, २० हजार रुपये. सेल्सवाला म्हणतो ५ वर्षं टेन्शनच नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला सोपं जाईल. पॅकेज वाईट नाही, पण ते वर्षांवर मोजणारा फसतो. आपण वर्षं विकत घेत नाही, सर्व्हिसा घेतो, आणि त्यातली शेवटची कोणती यावर सगळा हिशोब आहे. मॅन्युअलमध्ये तक्ता असतो बघा, १० हजार किलोमीटरला काय, २० ला काय, ४० ला काय. १० ला बहुतेक वेळा ऑइल, ऑइल फिल्टर आणि बाकी नुसती तपासणी. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल, कूलंट ही मंडळी मागाहून येतात, बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ४० च्या आसपास त्यातली २-३ एकदम, आणि बिल तिथंच फुगतं. आता पॅकेज ३० ला संपत असेल तर स्वस्तातल्या सर्व्हिसांचे पैसे ॲडव्हान्स भरले आणि महागडी नेमकी कुंपणाबाहेर. तुमचं काय मत?

सातपूर_फर्स्ट_शिफ्ट
मत एकच, घेऊ नये, मी ओळखीच्या मिस्त्रीकडेच करून घेतो. निम्मं नाशिक सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला, फिल्टर कुठं बनतो आणि कुणाच्या डब्यात जातो हे आपल्याला शोरूमवाल्याने सांगायची गरज नाही. पहिल्या ३ सर्व्हिसचं लेबर बहुतेक कंपन्या तसंही घेत नाहीत, ते पॅकेजमध्ये धरून "इतकी बचत" असं छापतात, ही कसली बचत? आणि हे २० हजार कोणी खिशातून देत नाही, लोनमध्ये टाकतात. ९ टक्क्यांनी ५ वर्षं धरा, हातातून जवळपास २५ हजार जातात. म्हणजे २०३० साली टाकायच्या ऑइलचं व्याज आजपासून चालू!

सिडकोची_ताई
दादा तुमचं गणित बरोबर आहे पण तुमच्या ओळखीचा मिस्त्री आहे, सगळ्यांचा नसतो. मी एकटी गाडी घेऊन जाते, मिस्त्री काय बोलतो त्यातलं निम्मं कळत नाही आणि दरवेळी घासाघीस करायचा कंटाळा येतो. पॅकेज असलं की ऑइल-फिल्टर-लेबरवर वादच नाही, वाद फक्त वरच्या गोष्टींवर. आणि खरे पैसे तिथंच जातात हे मात्र लक्षात ठेवा. मागच्या वेळी ॲडव्हायझर टॅब घेऊन आला, त्यात एसी सॅनिटायझेशन, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग आधीच टिक केलेलं, सही करा मॅडम म्हणे. मी डॅशबोर्डच्या ड्रॉवरमधून मॅन्युअल काढलं, म्हटलं या तक्त्यात हे कुठं आहे ते दाखवा. त्याने पान उलटलं, परत उलटलं, मग म्हणाला ऑप्शनल आहे मॅडम, आणि एकेक टिक काढत बसला. पॅकेज घेऊनही ज्यांचं बिल ५-६ हजार येतं ना, त्यांनी जॉबकार्ड, म्हणजे ती कामांची यादी, न वाचता सही केलेली असते.

सातपूर_फर्स्ट_शिफ्ट
ताई, म्हणजे २० हजार भरूनसुद्धा पहारा तुम्हीच द्यायचा. मग पॅकेजने केलं काय?

सिडकोची_ताई
पहारा तर तुमच्या मिस्त्रीवरही द्यावा लागतो हो. ऑइल खरंच बदललं का हे बघायला तुम्ही दोन तास स्टुलावर बसताच ना.

ओझर_टू_अंधेरी
माझं रनिंग वर्षाला २५ हजार किलोमीटरच्या वर, जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाला तेव्हापासून अजूनच वाढलंय. माझ्यासारख्याने ५ वर्षं / ५० हजारवालं पॅकेज घेतलं तर दोन वर्षांत खल्लास, पुढची तीन वर्षं नावालाच. सर्व्हिसा तेवढ्याच मिळाल्या म्हणा, त्यात फसवणूक नाही, पण भाववाढीपासून वाचायचा जो फायदा सांगतात तो दोन वर्षांत काय डोंबलाचा मिळणार. आमच्यासारख्यांनी लायनर, क्लच, वायपर कव्हर करणारा प्लॅन असेल तरच बघावा, कसारा घाट वर-खाली करून ब्रेक लायनर आधी उडतात, आणि साध्या प्लॅनमध्ये ते नसतातच.

मुंबईनाका_सिग्नल
भाववाढीचंच बोलताय तर उलटंही झालंय की. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्ट्सवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, त्याआधी बऱ्याच पार्ट्सवर २८ होता. ज्यांनी त्याच्या आधी पूर्ण पैसे भरले त्यांचा भाव चढा असतानाच लॉक झाला. ऑइल आणि लेबरवर आधीही १८ च होता म्हणून फार मोठा फटका नाही, पण "भाव फिक्स म्हणजे फायदाच" हे धरून चालू नका.

निफाड_मळा
आमच्याकडचा वेगळाच प्रॉब्लेम. गाडी रोज मळ्यातल्या मातीच्या रस्त्याने जाते, उन्हाळ्यात एअर फिल्टर काढून टायरवर आपटला की नुसता धुरळा उडतो, पांढरा फिल्टर पार तांबूस. मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळा तक्ता दिलाय, लवकर बदला म्हणून. पण आमचं पॅकेज साध्या तक्त्यावर चालतं, त्याआधी फिल्टर मागितला की "साहेब, तो पेड होईल". म्हणजे ज्याला गरज जास्त त्यालाच कमी. खेड्यातल्या माणसाने घ्यायच्या आधी हे विचारून घ्यावं. वर्कशॉप नाशिकला, जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो तो वेगळाच.

पाथर्डी_फाटा
निफाडभाऊ, एकदम पॉइंटाचं बोललात, हे कोटेशनमध्ये कोणी सांगत नाही. कमी रनिंगवाल्यांचं पण बोलू या, कारण नाशकात तेच जास्त, घर ते ऑफिस, कॉलेज रोड, रविवारी सोमेश्वर. वर्षाला ५-६ हजार किलोमीटर. त्यांची सर्व्हिस किलोमीटरवर नाही, तारखेवर येते, १० हजार किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. गाडी कुठं फार चालली म्हणून ते टाळत राहतात आणि मुदत गेली की ती सर्व्हिस बुडाली, पुढे ढकलून मिळेलच असं नाही. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवली तर याच लोकांना भाव लॉक व्हायचा खरा फायदा, पूर्ण ५ वर्षं.

अजून एक, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं खरं तर. पॅकेज कंपनीचं का डीलरचं ते बघा. कंपनीचं असेल तर सहसा चेसिस नंबरला जोडलेलं असतं, दुसऱ्या गावच्या अधिकृत वर्कशॉपलाही चालतं, आणि गाडी विकली तर बऱ्याच प्लॅनमध्ये उरलेल्या सर्व्हिसा पुढच्या मालकाला जातात, म्हणजे विकताना दोन पैसे जास्त मागता येतात. डीलरने स्वतःच्या लेटरहेडवर बनवलेलं असेल तर ते फक्त त्याच्याच दारात, उद्या त्याने एजन्सी सोडली की कागद घेऊन फिरा. मी तरी डीलरचं घेणार नाही, कितीही स्वस्त असू दे.

सातपूर_फर्स्ट_शिफ्ट
बघा, एवढ्या अटी घातल्यावर पॅकेज घेणारे दहात दोघं उरले. मी तेच म्हणत होतो.

गोदाकाठ
दोघं उरले तर उरले, त्या दोघांत मी. मुंबईला बदली झाली आणि पॅकेज तिकडेही चाललं, खिशातून काही द्यावं लागलं नाही. पण एका मित्राला वर्कशॉपने प्लॅनमधलं ब्रेक ऑइल टाकून वर बिल पण लावलं होतं, त्याने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार टाकली, मग पैसे परत आले. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी पण लागत नाही, तेव्हा प्लॅनचा छापील कागद आणि प्रत्येक वेळचं शून्य रुपयाचं बिलसुद्धा जपून ठेवा.

आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ज्यांची तारीख पडतेय त्यांनी आत्ताच बघून ठेवा, तेव्हा कुंभाच्या पर्वण्या आहेत, पंचवटी-द्वारकाकडून वर्कशॉपपर्यंत गाडी पोचेल याची गॅरंटी नाही. जुलैमध्येच उरकून घ्या नाहीतर मुदतवाढ मेलवर लिहून घ्या, तोंडी नको.